कोपऱ्यातली रेघ

"बाई, त्या एका पट्टीत सोनं सापडलंय की काय?" मुख्य तपासनीसांनी मागून विचारलं. "केव्हाची बघताय."

"डोळे चुरचुरतायत हो जरा," ती म्हणाली आणि उगाच रुमाल डोळ्यांना लावला.

डोळ्यांना काहीएक झालेलं नव्हतं. चांगले ठणठणीत होते. दुखणं होतं ते भिंगाखाली.

हा कारखाना चावीची महागडी घड्याळं करायचा. घड्याळ वेळ बरोबर दाखवतं का, हे बघणारी माणसं वेगळी. हिच्या खोलीत यायचं ते आतलं यंत्र, सुटं करून. त्यातल्या नखाएवढ्या पोलादी पट्ट्यांच्या कडा हाताने तिरप्या घासून आरशासारख्या केलेल्या हव्यात, अगदी आतला कोपरासुद्धा. पट्टी दिव्याखाली कलवली की उजेडाची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ धावली पाहिजे. धावली तर मानाचा शिक्का. मोडली तर माल परत, आणि वरचेवर परत गेला तर कारागिराला टेबलावरून उठवून खोकी भरायला पाठवत.

पट्ट्या ज्या तबकात यायच्या त्यावर कारागिराचं नाव नसे. पण सख्ख्या भावाचा हात ओळखायला नाव कशाला लागतंय? कोपऱ्यात तो कानस जरा दाबून फिरवायचा, थेट वडिलांसारखा.

आणि आज त्याच कोपऱ्यात रेघ थरथरली होती.

पहिल्यांदाच थरथरली असती तर गोष्ट वेगळी. गेले काही महिने तिला ती दिसत होती. दर वेळी मनात पाल चुकचुकायची, आणि दर वेळी ती शिक्का मारून मोकळी व्हायची. धाकट्याचं टेबल जायला नको, दुसरं काय! एखाद्याचा दिवस वाईट जातो की, अशी आपलीच समजूत काढायची. पण वडिलांचंही असंच सुरू झालं होतं, साधारण याच वयात. आधी रेघ, मग हातातला कप, मग पाय. शेवटी शेवटी घोटभर पाणी गिळवेना. "फार उशिरा आणलंत," डॉक्टर म्हणाले होते. "सुरुवातीलाच आला असतात, तर औषधाने बरीच वर्षं हात चालता ठेवला असता."

तिने काळजावर दगड ठेवला आणि पट्टी परतीच्या डब्यात टाकली.

सुट्टी होताच ती तडक भावाच्या घरी गेली. तो स्वयंपाकघरात चहा गाळत होता.

"ये ताई! बायको माहेरी गेलीय, तेव्हा आज माझ्या हातचा चहा. पिऊन जगलीस तर उद्या कामावर भेटू."

ती हसली नाही. "तुझा हात कसा आहे रे?"

"बायकोने कान भरले वाटतं तुझे! अगं, मध्यंतरी बोटं ऐकेनाशी झाली होती. बाबा आठवले. पार घाबरगुंडी उडाली, खोटं कशाला बोलू? डॉक्टरची वेळसुद्धा घेतली होती."

"मग?"

"मग काय, गेलोच नाही. म्हटलं, हात खरंच बिघडला असता तर ताईच्या भिंगातून सुटला असता होय? डॉक्टरला काय कळतंय तुझ्यापुढे! तबक पास होऊन आलं की त्या दिवशी निवांत झोपायचो बघ."

हाताला लागलं ते स्टूल ओढून ती मटकन खाली बसली.

"आजची पट्टी मी परत पाठवलीय," ती म्हणाली. "आणि आधीच्या... आधीच्याही पाठवायला हव्या होत्या रे. मला दिसलं होतं. सगळं दिसलं होतं."

तो चिडला असता, चार शब्द वाट्टेल ते बोलला असता, तर तिला बरं वाटलं असतं. पण त्याने गाळणं खाली ठेवलं, गॅस बंद झालाय ना ते पाहिलं आणि दिव्याखाली तिच्यासमोर येऊन बसला. दोन्ही हात पुढे करून त्याने बोटं पसरली.

"कितपत आहे ते बघ," तो म्हणाला. "आणि ताई, आता तरी पास करू नकोस."