उरलेल्या पेशी

काशीने कोनफळावरची माती कोयत्याच्या पाठीने खरवडली आणि वर न बघताच विचारले,

"अजून जित्त्या हायत?"

"व्हय काकी," मयूरी म्हणाली. ती ह्याच गावची, नंदिगड्ड्याची पोर, बंगळूरच्या प्रयोगशाळेत संशोधन करणारी. काशीचा नवरा महाबळेश्वर पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाने गेल्या शिमग्याच्या सुमारास गेला. जाण्याआधी त्याने आपल्या रोगट पेशी अभ्यासासाठी देऊ केल्या होत्या. त्या आता तिथे काचेच्या बशीत वाढत होत्या.

उंबऱ्यावर बसलेला धाकटा दीर लखू म्हणाला, "दिवस-कार्य झालं. त्येचं काय बी मागं नको. टाकून दे म्हणावं."

काशीने कोयता खाली ठेवला. "त्या त्येच्या म्हणायच्या, का रोगाच्या?"

मयूरी म्हणाली, "दोन्ही. शरीराची राखण करणाऱ्याच पेशी, पण बिघडलेल्या. दुसऱ्या टी-पेशी असतात. त्या अंगावरची खूण ओळखून बिघडलेल्यांना मारतात. मी बशीत टी-पेशी सोडते. बहुतेक मरतात, थोड्या उरतात. उरलेल्यांच्या अंगावर ती खूणच नसते. मग त्याच वाढतात, आणि टी-पेशी शेजारून निघून जातात."

"त्येच्या अंगात बी असंच झालं?"

"झालं असावं. काकांना दिलेला उपचार टी-पेशींचाच होता."

काशी हातावरची माती चोळत राहिली. त्या उपचारानंतर आलेल्या बऱ्या दिवसांत महाबळेश्वरने गोठा शाकारला होता. रोज भूक लागतेय म्हणाला होता.

"ह्या टी-पेशी आणतीस कुठनं?"

"धडधाकट माणसाच्या रक्तातनं."

काशीने पदराला हात पुसले. "माझं घे."

"तिथं लोक मिळतात, काकी."

"मिळूंदेत."

"वहिनी..." लखू उठला.

"भावजी, तवा मी उशाशी बसून नुसतं बघितलं." तिचा आवाज चढला नाही. "आता बसणार न्हाई."

परवानग्या मिळेपर्यंत भातकापणी उरकली. काशीने कॅसलरॉक स्टेशनावर गाडी पकडली, बंगळूरला जाऊन रक्त दिले आणि परतली.

मयूरीचा फोन आला तेव्हा ती अंगणात वाळत घातलेले भात पायाने परतत होती.

"काकी, तुमच्या पेशींनी पुष्कळ मारल्या. आधीपेक्षा जास्त."

"आन् उरल्या?"

पलीकडून मयूरी म्हणाली, "उरल्या थोड्या."

काशीने फोन दुसऱ्या कानाला लावला. तिचे पाऊल भातात पुढे सरकले.

"बरं. परत कवा येऊ?"