एकादशीची ओहोटी

इग्नेशियस सरांचं म्हणणं असं, की प्रार्थना ही दात घासण्यासारखी सवय आहे. गजर लावला की लागते. मुंबईत विमा कंपनीत तीस वर्षं काढून ते गावी परतले आणि नाताळ उरकल्या उरकल्या त्यांनी 'चाळीस दिवस, तीन वेळा' ही योजना काढली. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सात. मोबाइल वाजला की मेणबत्ती लावायची, 'आमच्या बापा' म्हणायचं आणि दहा मिनिटांच्या आत मेणबत्तीचा फोटो चर्चच्या ग्रुपवर टाकायचा. देवाला फोटो कशाला लागतो, असं मी विचारलं.

"त्याला नाही, विनिता. आपल्याला लागतो," सर म्हणाले.

तक्ता मी ठेवायचा असं ठरलं, कारण मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे आणि माझ्याकडे लॅपटॉप आहे. वेळेत फोटो आला तर चौकोन हिरवा, नाहीतर लाल. ज्याचे हिरवे सर्वांत जास्त, तो गावच्या सणाआधीचे नऊ दिवस पुढे उभा राहून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, म्हणणार.

हा नोव्हेना एकोणीस वर्षं माझी फिलूआत्या म्हणते. एरवी ती खाडीच्या तोंडाशी खडकावरची कालवं फोडते. तिच्या साडीला त्यांचा वास असतो, म्हणून मुरूडच्या एसटीत तिच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते. पण ते नऊ दिवस ती वेदीजवळ उभी असते, सगळ्या विनवण्या तिला तोंडपाठ असतात, आणि तिनं विनवणी म्हटल्याशिवाय एसटीतल्या त्याच बायकांना मागून म्हणायचं उत्तर देता येत नाही. आत्याला जगात एवढीच एक गोष्ट हवी होती, आणि ती आता माझ्या तक्त्यावर ठरणार होती.

तक्त्याविषयी सांगते. बर्नीबाईंचे सगळे चौकोन हिरवे होते. त्यांच्या मेणबत्तीची उंची मी बाजूच्या ग्लासाशी ताडून पाहिली. मंगळवारी सकाळी ती नऊ सेंटीमीटर होती, दुपारी सात, संध्याकाळी पुन्हा नऊ. जळून वाढणारी मेणबत्ती मी कोणत्याही पुस्तकात वाचलेली नाही. सगळे फोटो एकाच बैठकीत काढून ठेवले असावेत आणि पाठवताना क्रम चुकला असावा. सरांना दाखवलं तर म्हणाले, "सातत्य बघ ना तिचं."

आत्या फोटो पाठवत नसे. खडकावर वाऱ्यात काडी पेटत नाही. ती आवाज पाठवायची, तो मी फोटोच्या जागी धरायचे: मागे लाटा, लोखंडी हत्याराची टकटक, मध्ये 'आमच्या बापा'. एका दिवशी पावणेसातला, दुसऱ्या दिवशी साडेसातला, तिसऱ्या दिवशी सव्वाआठला, आणि दिवसातून एकदाच. तिसाव्या दिवशी तिच्या नव्वद चौकोनांपैकी एक हिरवा होता. तो पौर्णिमेचा, त्या पहाटे ती चुकून सहा वाजून चार मिनिटांनी सापडली होती.

मग सर तिला समजवायला घरी गेले आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघून आले. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायरीवरच त्यांनी तिला गाठलं. फादर शेजारीच होते.

"फिलोमिना, तू एकादशी करतेस?"

"करत न्हाय. वापरते," आत्या म्हणाली.

"कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहिलंयस. एकादशी, सव्वादोन. द्वादशी, तीन. हे कसले मुहूर्त?"

तिच्यासोबत कालवांना जाणारी ठमाबाई कोळीण टोपली घेऊन फाटकाशी उभी होती. ती म्हणाली, "सायेब, एकादशी माझी हाय. परवा मी उपाशी नि ही माझ्यासमोर बसून सुका बोंबील खात व्हती."

चार जण हसले. सर हसले नाहीत. "हसण्यावारी नेऊ नका. असा माणूस नोव्हेना म्हणणार?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिनं मला काही मागितलेलं मला आठवत नाही. तेव्हाही मागितलं नाही.

घरी जाऊन मी तेच केलं जे पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर तिच्या संदेशाची वेळ. ठिपके एका तिरक्या रेषेत बसले: रोज पन्नास मिनिटांच्या आसपास पुढे, संध्याकाळला टेकली की पुन्हा पहाटेपासून. ही ओहोटी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की ओहोटीची. किनाऱ्यावर हे शाळेत न गेलेल्यांनाही येतं. विम्याच्या नोकरीत तीस वर्षं घालवली की विसरायला होत असावं.

संध्याकाळी आलेख घेऊन मी फादरांकडे गेले. सर तिथेच चहा पीत होते.

"रेषा छान आहे," सर म्हणाले. "पण नियम सहाचा आहे. आणि तिथी आपली नाही."

"ईस्टर कसा ठरतो, सर?"

"चर्च ठरवतं."

"वसंतातल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. पौर्णिमा कोणाची?"

फादरांनी कागद उलटा धरला होता. तो सुलटा करून त्यांनी बराच वेळ पाहिला. "इग्नेशियस, नोव्हेना फिलूच म्हणेल," ते म्हणाले.

सरांनी कप खाली ठेवला. हार मानण्याची सवय त्यांनी कधी लावून घेतली नव्हती. "उत्तम," ते म्हणाले. "मग पहिल्या दिवशी तिनं आधी दहा मिनिटं साक्ष द्यावी. ही सवय कशी लावली, ते."

फादरांना तेही पटलं. त्यांना बहुतेक गोष्टी पटतात.

पहिल्या दिवशी वेदीच्या बाजूला फळा आला. सर खडू घेऊन उभे राहिले. आत्या धुतलेल्या साडीत पुढे आली आणि साडी दोन्ही हातांनी नीट करत राहिली.

"सवय न्हाय लावली," ती म्हणाली. "पाणी उतरलं की खडकाला शेवाळ असतं. मी एकटी पुढं असते. भीती वाटते, म्हणून त्याला हाक मारते."

सरांनी फळ्यावर 'भीती' लिहिलं, बाण काढला, पुढे 'सवय' लिहिलं. "आणि अष्टमीच्या आसपास, भांगाला, पाणी फारसं उतरत नाही, तेव्हा? चार-चार दिवस तुमचा संदेशच नाही."

"तेव्हा घरी असते. घरात कसली भीती? त्याला पण जरा सुट्टी."

मागच्या बाकांवर हसू आलं. सरांनी घड्याळ पाहिलं. "अजून आठ मिनिटं आहेत. एखादा प्रेरणादायी प्रसंग सांगा."

"आठ मिनिटं तुम्ही गप बसा," आत्या म्हणाली, क्रूसाची खूण केली आणि पहिली विनवणी सुरू केली.

सरांना खडू ठेवायला जागा सापडेपर्यंत तीन विनवण्या होऊन गेल्या. चौथीला त्यांनाही उत्तर द्यावं लागलं.