कोंडीबाचं बंदर

सोलापूरपासून समुद्र किती लांब, हे कोंडीबाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्यानं ते मानलं नसतं. हिप्परग्याच्या तलावाकाठची आपली वस्ती म्हणजे बंदरच, असं तो छातीठोकपणे सांगे. बंदराचं आरमार म्हणजे उसाचा रस आटवून गूळ करायची एक जुनी काहील, म्हणजे भलीमोठी पसरट कढई. तिला भोक होतं, म्हणून वल्हवायला एक आणि पाणी उपसायला एक माणूस लागे. माल न्यायला जागाच उरत नसे.

इतिहासही थोर होता. तलाव नवा होता तेव्हा कोंडीबाचा आजा मेंढरं पाजायला आला आणि आळसापायी परत गेलाच नाही. "आमचा मूळपुरुषच आळशी, मग आमाला काय बोल लावता?" असं म्हणून कोंडीबा मोकळा व्हायचा. भूगोल मात्र जरा अवघड होता. पावसाळ्यात झोपड्या वर माळावर. उन्हाळ्यात पाणी हटलं की सगळी बिऱ्हाडं त्याच्या मागं खाली उतरत आणि उघड्या पडलेल्या गाळात कलिंगडं लावत. सोलापूर शहर त्यांना आपलं म्हणेना, शेजारचं गावही म्हणेना.

एवढ्या थट्टेत एकच गोष्ट कोंडीबाच्या जिवाला लागली होती. लेक फुलाबाई लग्नाची झाली होती, आणि सोयऱ्यांचा पहिला प्रश्न असे, "गाव कंचं?" कोंडीबानं "बंदर" म्हटलं की पाहुणे मुंडासं सावरून उठत. दोन चांगली स्थळं अशीच हातची गेली.

म्हणून एका वैशाखात सरकारी मोजणीदार आला, तेव्हा कोंडीबाला देव भेटल्यासारखं झालं. मोजणीदार कोकणातला, नुकताच बदलून आलेला. 'बंदर' ऐकून बिचाऱ्याला घर आठवलं. त्यानं मन लावून कलिंगड खाल्लं आणि वस्तीचा दगड कुठं रोवायचा, ते विचारलं.

"अवं, वरला माळ दावा," बायको सोनाबाई हळूच म्हणाली.

"तितं काय हाय, खडकं? पावन्याला कुनी परसदार दावतंय व्हय?" असं म्हणत कोंडीबानं त्याला थेट खालच्या कलिंगडाच्या वाफ्यात नेलं. दगड रोवला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. 'बंदर' नकाशावर चढलं. श्रावणात ते दगडासकट पाण्याखाली गेलं.

नेमका तेव्हाच सांगोल्याकडचा धुळा आपल्या मुलासाठी फुलाबाईला बघायला आला. पोरगी पसंत पडली. "आता गाव दावा की," तो म्हणाला.

कोंडीबानं तलावाच्या मध्यावर बोट केलं. "ते बदक पवतंय न्हवं? त्याच्या खाली."

धुळा बघतच राहिला. कोंडीबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्यानं हसायच्या आत आपणच हसावं, या जुन्या खोडीनं तो बोलत सुटला, "सरकारनं इचारलं, तवा मला लई शानपन सुचलं. बायकू सांगत हुती. पन बायकूचं ऐकलं, तर मूळपुरुषाचं नाव जाईल की!"

धुळा हसला नाही. त्याच्या गावाला वेस होती, चावडी होती, पाटील होता. फक्त विहिरीला पाणी नव्हतं. तो काठावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंडावर पाणी मारत राहिला. "आमचं गाव कोरडं, तुमचं बुडालेलं," तो शेवटी म्हणाला. "जमलं म्हना. पन लगीन त्या दगडापाशीच लावायचं. आमच्या भावकीला गाव दिसलं पायजे."

पाणी हटलं आणि दगड गाळातून वर आला. सोनाबाईनं तो धुऊन काढला, आणि त्याच्या साक्षीनं अक्षता पडल्या.

निघताना फुलाबाई बापाच्या गळ्यात पडली. "आबा, पावसाळ्यात आले तर म्हायेर कुटं हुडकू?"

आयुष्यात पहिल्यांदाच कोंडीबानं थट्टा केली नाही; तो भर मांडवात रडला.

सोनाबाईनं लेकीचे डोळे पुसले. "काठाकाठानं ये, बाय. तुजा बाप पान्याकडं बोट करून जितं हुबा दिसंल, तितंच तुजं म्हायेर."

त्या पावसाळ्यात कोंडीबा रोज काठावर जाऊन उभा राहू लागला. कुणी विचारलंच तर म्हणे, "गाव राखतुया."