दंडावरची पट्टी

दाढ काढली माझी आणि अक्कल गेली आमच्या ह्यांची! दातांच्या डॉक्टरबाई मला नीट समजावत होत्या, "गोळ्या अजिबात नकोत, तुमच्या पोटाला झेपणार नाहीत. ही औषधाची पट्टी दंडावर चिकटवा. औषध कातडीतून आत जाईल." मी कापसाचा बोळा चावत मान डोलावत होते. आणि हे कुठे? तर बाहेर, डॉक्टरबाईंच्या स्कूटरचं चाक दाबून बघत. पंक्चर काढण्यात जन्म गेला, दुसऱ्याच्या चाकातली हवा बघितल्याशिवाय ह्यांना चैन पडत नाही.

गोळ्यांची धास्ती मलाही होतीच. गेल्या वर्षी गुडघे दुखतात म्हणून मनानेच गोळ्या खात सुटले आणि एक दिवस मोरीत रक्ताची उलटी झाली. तेव्हापासून गोळीचं नाव काढलं की ह्यांचा चेहरा उतरतो.

घरी आलो. बधिरपणा ओसरला आणि असा ठणका लागला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. रक्त थांबेना म्हणून बोळा बदलून पुन्हा दाबून धरलेला, त्यामुळे तोंड बंद. मी, जी झोपेतही बोलते! पट्टी ह्यांच्या हातात दिली आणि दंड दाखवला.

"तिथे सुई टोचली का? दुखणारच," म्हणाले आणि लागले कामाला. माझा गाल पुसला, फुंकर मारून वाळवला. मग कात्रीने पट्टीचे चारी कोपरे गोल कापले. वर मलाच शिकवतात, "कोपरे ठेवले की कड उचलते." मी डोळे वटारतेय, हातवारे करतेय, हे आपले खूश. सवयीने ट्यूब घासायचा पॉलिश पेपरही उचलला, गाल घासायला! तो मात्र मी हिसकावून फेकला. शेवटी पट्टी गालावर बसली. मी कपाळावर हात मारून घेतला.

थोड्या वेळात पट्टी निम्मी सुटून लोंबायला लागली. ठणका जसाच्या तसा. मला सोसवेना. कपाटात त्या जुन्या गोळ्या पडल्या होत्या. म्हटलं, खड्ड्यात गेलं पोट. गोळी हातावर घेतली, तोच ह्यांनी मनगट धरलं.

"नको. त्या दिवशी तुला गाडीत घातलं तेव्हा तुझे हात गार पडले होते. मला पुन्हा तसं..."

ह्यांचे डोळे घळाघळा वाहायला लागले. इतक्या वर्षांत ह्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. गोळी खाली ठेवली, तोंडातला बोळा काढला.

"अहो, दंडावर लावायची असते ती! अख्खी, न कापता!"

"दुखतंय दाढेत आणि लावायची दंडावर?" हे बघतच राहिले. "मग मघाशी बोलली का नाहीस?"

हसायला गेले आणि जीव कळवळला.

ह्यांनी गालावरची पट्टी हलकेच सोडवली. पाकिटातली दुसरी, अख्खी, दंडावर लावली आणि वरून अंगठा दाबून बसले. ठणका उतरायला अजून वेळ होता, पण मला धीर आला.

"सोडा आता, चिकटली," मी पुटपुटले.

"लगेच सोडायचं नसतं."

दाराशी कुणीतरी सायकल ढकलत आलं. मागचं चाक पार बसलेलं. दुकान उघडणार का, म्हणून हाका मारायला लागलं. ह्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

"उद्या या," बसल्या जागेवरून ओरडले. "हातातलं काम सोडता येत नाही."