स्कॅनर कोणाचा

जिन्याखालच्या खोलीत ती दिवसभर इस्त्री करायची आणि तिच्या घामाचे पैसे नवरा प्यायचा. गुळमुळीत सांगण्यात अर्थ नाही.

नाण्यांच्या काळात हे उघड चालायचं. संध्याकाळी तो यायचा, पैशांच्या डब्यात हात घालायचा आणि मूठ भरून गुत्त्याकडे सुटायचा. मग खिशात कार्ड बाळगणारी गिऱ्हाइकं आली. "मशीन नाही?" म्हणून नाकं मुरडायची, "उद्या देतो" म्हणायची, आणि त्यांचा उद्या काही उजाडायचा नाही.

एके दिवशी नवऱ्याला अचानक मायेचा उमाळा आला. मोबाइलवरून पैसे घ्यायच्या स्कॅनरचा कागद त्यानं स्वतः आणून भिंतीवर चिकटवला.

"सुट्या पैशांची कटकट गेली. बघ, किती काळजी आहे मला तुझी!"

ती हरखली. कागद आपल्या भिंतीवर, म्हणजे पैसेही आपलेच. डब्यासारखंच असणार सगळं. दुकान बंद करताना ती त्यावर जुनी चादर टाकायची. येताजाता कुणी त्यातले पैसे काढून नेले तर?

विजेचं बिल आलं तेव्हा तिनं दवाखान्यातले कोट न्यायला आलेल्या नर्सबाईंना विचारलं, "बाई, ह्या कागदातले पैसे बाहेर कसे काढायचे?"

नर्सबाई हसल्या. "अगं, कागद म्हणजे नुसता पत्ता. पैसे तुझ्या नवऱ्याच्या खात्यात जातात. मला दर वेळी त्याचंच नाव दिसतं."

गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या बाहीवर इस्त्री तशीच राहिली. करपल्याचा वास आला तेव्हा ती भानावर आली.

कोपऱ्यात बटणं लावत बसलेली सासू उसळली. "मेल्यानं अख्खा डबाच खिशात घातला की!"

"आई, तुमचा मुलगा आहे तो."

"म्हणून तर ओळखते. ऊठ, चप्पल घाल."

बँकेतल्या साहेबानं मान वर न करता विचारलं, "यजमान कुठंयत?" बाईच्या पैशाला बाप्याची राखण लागते, हे ह्या लोकांना कोण शिकवतं देव जाणे.

"खातं हिचं, यजमान कशाला?" सासू म्हणाली. "तुम्ही पगार घ्यायला बायकोला आणता का हो?"

रांग खो खो हसली. साहेबानं मुकाट्यानं फॉर्म पुढे सरकवला. खातं उघडलं, आणि नर्सबाईंनी तिच्या फोनवर सगळं बसवून शिकवलं. जुना कागद गेला, नवा लागला.

संध्याकाळी नवरा आला. "आज माझ्या फोनवर काही आलं नाही. स्कॅनर बिघडला वाटतं?"

"बिघडला नाही, सुधारला. आता माझ्या नावावर आहे."

"माजलीस!" त्यानं हात उगारला.

"हात खाली घे," सासू कात्रीसकट उभी राहिली. "तिला लावलास तर पोलिसात मीच जाईन."

"पैसे हवेत ना?" ती इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा पुढे सरकवत म्हणाली. "हा गठ्ठा दवाखान्यात पोचवा. हमाली देईन."

तो शिव्या देत निघून गेला. पण गुत्त्यावर उधार कोण देणार? दोनेक दिवस तणतणून तो परत आला आणि कुणाकडे न बघता गठ्ठा खांद्यावर टाकून चालता झाला.

परतला तेव्हा तिनं फोनवर जपून एकेक आकडा दाबला. त्याचा फोन वाजला. त्यानं बघितलं.

"एवढेच?"

"गठ्ठा एवढाच होता," ती पुढचा शर्ट पसरत म्हणाली. "उद्या दोन आहेत. सकाळी लवकर या."