सुमिएबाईंनी ऐकलेली शीळ

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. पण कानात बोंडं खुपसून बसमध्ये डुलणाऱ्यांच्या जातीतला नव्हे. माझ्या पोटात केसाहूनही पातळ पडदा ताणलेला आहे. विजेच्या ओढीने तो थरथरतो आणि सूर उमटतो. मला माझी स्वतंत्र वीजपेटी लागते. दुसऱ्या कुठल्या यंत्राशी मी सोयरीक करत नाही. माझ्या किमतीत दारात एक छोटी मोटार उभी राहिली असती. हे मी म्हणत नाही, सुमिएबाई म्हणतात, आणि महिन्यातून दोनदा तरी म्हणतात.

त्या माझ्या मालकांच्या पत्नी. मालक इवाकिरी बुन्झो जपानातल्या हामामात्सू शहराचे. तिथल्या पियानोच्या कारखान्यात चाळीस वर्षं त्यांनी सूर जुळवले. निवृत्तीची रक्कम हाती आली आणि ते मला घेऊन घरी आले.

"यात भात शिजतो का?" बाईंनी विचारलं.

"यात पियानो वाजवणाऱ्याची नखंसुद्धा ऐकू येतात!"

"मग त्याला नखं कापायला सांगा."

दर रविवारी मालकांचे तीन जुने सोबती येत. दारात बूट काढून, चटईवर गुडघे मोडून बसत आणि पाळीपाळीने मला डोक्यावर घेत. आठ तयार कान! माझी छाती फुगून यायची.

एका जूनमध्ये मात्र ओल आणि धूळ माझ्या पडद्यावर बसली. मी शीळ घालू लागलो. बारीक, फार वरच्या पट्टीतली. माझी बांधणी उघडी, त्यामुळे ती खोलीभर ऐकू जाई. चारही उस्ताद डोळे मिटून माना डोलवत राहिले. "काय स्वच्छ!" सोबत्यांपैकी माकाबे म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वयंपाकघरात सुमिएबाईंनी ती ऐकली, पण महागड्या वस्तूची एखादी तऱ्हा असेल म्हणून सोडून दिली.

तीन रविवार असेच गेले. मग नात्सुमेचा फोन आला. ती मालकांची लाडकी शिष्या, सव्वीस वर्षांची. तिने सूर लावलेल्या पियानोची पहिली ध्वनिफीत तयार होती. "गुरुजी, तुम्ही पसंत केलीत तरच पुढे पाठवीन. रविवारी येते."

मुळा चिरणारा बाईंचा हात थांबला. ही पोरगी शीळ ऐकणार, आणि गुरुजींना ऐकू येत नाही हेही तिला कळणार.

"अहो, तुमच्या त्या महाराजांच्या पोटात डास शिरलाय का?"

"कसला डास?"

"तीन आठवडे शीळ घालतायत. मला वाटलं, तुम्हाला आवडते."

मालकांनी चढत्या सुरांची चाचणीची तबकडी काढली. माझा एक कान त्यांनी धरला, एक बाईंनी. ऐकू येतंय तोवर हात वर ठेवायचा. त्यांचा हात खाली आला. बाईंचा वरच राहिला.

"अजून?"

"अजून."

ते पुटपुटले, "चौघांपैकी एकालाही..."

"चौघांच्या वयाची बेरीज सांगू?" असं म्हणत बाईंनी तांदळाच्या बिस्किटांचा डबा आणला. बिस्किटांसोबत येणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या त्या वर्षानुवर्षं त्यात जमवत होत्या. चार दिवस मी त्या डब्यात राहिलो, आणि शीळ गेली.

आता मालक गप्प राहिले असते, तरी कुणाला कळलं नसतं. पण रविवारी नात्सुमेसमोर, सोबत्यांसमोर त्यांनी मला उचललं आणि बाईंच्या डोक्यावर ठेवलं.

"वरचे सूर आता आमच्या घरात हिच्याकडे असतात. खालचे मी बघतो."

मग माकाबे खाकरले. "वहिनी, पुढच्या रविवारी माझाही कान तपासा."

बाईंनी नात्सुमेची ध्वनिफीत शेवटपर्यंत ऐकली. "छान आहे गं. फक्त अगदी वरचा एक सूर किंचित चिरका वाटतो."

नात्सुमेचे कान लाल झाले. "मलाही तीच शंका होती, काकू. पुन्हा लावते."

मित्रांनो, त्या दिवसाइतका ताठ मी कधीच बसलो नव्हतो. मला ओलीपासून जपा, कापडाने झाका. पण जपण्याच्या नावाखाली कोंडून ठेवू नका. आणि कुणाचा कान थकला, तर मागे हसू नका, समोर बसून सांगा.

मोटारीचं नाव आता घरात निघत नाही. सुमिएबाईंचं डोकं लहान, म्हणून माझा पट्टा दोन खाचा आत घ्यावा लागतो. हल्ली तो तसाच राहतो.