भैय्याजी मले चांगले वाटते

आमच्या ह्यांना मतं फार. कंप्युटरवर, सरकारवर, सक्करदऱ्याच्या तलावावर, माझ्या वरणातल्या हिंगावर. घरचा हातमाग बंद पडल्यापासून बोलायला वेळही भरपूर. "कंप्युटर म्हणजे बिनडोक जावई," हे म्हणायचे, "सांगतलं तेवढंच करते, अन् तेबी उलटं." तरी मोबाईल हातातून सुटत नव्हता. बारीक अक्षर दिसत नाही म्हणून माईकचं बटण दाबून बोलायचे, फोन ते लिहायचा आणि हे वस्तीच्या ग्रुपवर टाकायचे. नालीवर, विजेवर आणि सगळ्यात जास्त भैय्याजींवर.

भैय्याजी म्हणजे आमच्या प्रभागाचे पुढारी. माझा भूपेश त्यांच्याच मेहुण्याकडे कामाला, हिंगण्याच्या एका कारखान्यात, ठेक्यावर. यंदा ठेक्यावरची काही पोरं पक्की होणार होती आणि नावं सुचवणार होते भैय्याजी. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, एवढी अक्कल मला आहे. ह्यांना नव्हती.

"अवो, पोराच्या पोटावर पाय देऊन राहिले तुमी," मी एकदा सुनावलंच. "एक डाव तरी चांगलं लिहा त्यांच्याबद्दल."

"पण मले तो माणूस पटत नाही वं."

"तुमाले कोण पटते? लिहा मुकाट्यानं."

दोन दिवस हे फोन नुसता हातात फिरवत राहिले. मग एका दुपारी जेवण झाल्यावर फोन तोंडाजवळ धरला आणि कडू औषध घ्यावं तसं म्हणाले, "भैय्याजी मले चांगले वाटते." बटण दाबलं, फोन उशाखाली सारला आणि झोपले. मला बाई इतकं बरं वाटलं.

फोनला आमची बोली कुठून येणार? त्याने 'मले'चं 'मेले' केलं. ग्रुपवर गेलं ते असं: "भैय्याजी मेले चांगले वाटते."

हे उठेपर्यंत अर्ध्या वस्तीने भावपूर्ण श्रद्धांजली वाहून टाकली होती. शेजारचा नत्थू तर हार घेऊन भैय्याजींच्या घरी गेला आणि दार उघडलं खुद्द भैय्याजींनी, बनियानवर. मग जी हसाहशी सुरू झाली ती वस्तीबाहेर पार कन्हानपर्यंत पोचली. दुसऱ्या कोणाचं असतं तर मीही पोट धरून हसले असते. हे चुकून झालं यावर कोणाचाच विश्वास बसेना, कारण ह्यांचे टोमणे सगळ्यांना पाठ.

दुसऱ्या दिवशी भूपेशला कारखान्याच्या गेटवरूनच परत पाठवलं. मेहुण्याने एवढंच सांगितलं, "आजपासून येऊ नको."

आम्ही दोघं भैय्याजींकडे गेलो. ह्यांना कोणापुढे हात जोडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. पाहवलं नाही.

"साहेब, मी 'मले' म्हटलं होतं. त्यानं 'मेले' लिवलं."

भैय्याजींनी चहा मागवला. "मले तवाच समजलं, बबनराव. मीबी इथलाच हाव. माह्या फोननं मले कितीकदा मारलं असंन!" आणि हसले. आम्हीही हसलो. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

"पण लोक हसून राहिले ना," ते म्हणाले. "इलेक्शन तोंडावर हाय. आता पोराले ठेवलं तर म्हणतीन, भैय्याजीले कोनीबी मारा, काही होत नाही. तुमीच सांगा, मी काय करू?"

चहा संपवल्याशिवाय त्यांनी उठू दिलं नाही. दारापर्यंत सोडायलाही आले.

घरी भूपेश जेवत होता. ह्यांनी त्याला सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "त्यायलेबी कबूल हाय बेटा, चुकी माही नाही."

भूपेशने घास खाली ठेवला. "शिव्या देऊन नोकरी गेली असती ना बाबा, तर चार लोकांत छाती काढून सांगतलं असतं, माह्या बापानं खरं बोलून गमावली म्हणून. तारीफ करून गेली. हे कोनाले सांगू?"

तो हात धुवायला उठला.  हे जन्मात एकदाच खोटं बोलले होते, पोरासाठी. आणि ते बोलायला लावलं होतं मी.